खुडून टाकलेली फुलं

प्रिय जीवन,

कसा आहेस, ते विचारत नाही. तू मजेतच असशील. तीन वर्षांत लग्न सोडून बाकी सगळ्याची तू सरळ उत्तरं दिलीस. लग्नाचं काढलं की आपलं 'पाहू ना, काय घाई आहे.' मीही किती शहाणी! तुझ्या त्या 'पाहू'वर दोन स्थळं परत पाठवली. साखरखेर्ड्याचं तर 'लांब पडतं' असं खोटंच सांगून.

मागच्या महिन्यात तू मला देऊळगावच्या स्टँडवर बोलावलंस, तो बुधवार. मी कामाला जाते त्या कौशल्याबाईंच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं क्रॉसिंग जोरात चाललं होतं. तुला ठाऊक आहे, कळी उमलायच्या आत तिच्यातला नर, म्हणजे परागाचा भाग, चिमट्यानं काढावा लागतो. नाहीतर फूल आपल्या आपणच फळ धरतं आणि ते बियाणं बाद. माझ्या चार ओळी बाकी होत्या. 'ये, महत्त्वाचं बोलायचंय' असा तुझा मेसेज आला, अन् मी चिमटा ठेवून निघाले. वाटलं, आज हा हो म्हणतोय. तू येणार होतास त्या जालन्याच्या चार गाड्या आल्या नि गेल्या. संध्याकाळी तू कळवलंस, काम निघालं.

सकाळी माझ्या चारही ओळी फुलून बसलेल्या. एकेक फूल मीच खुडून टाकलं. सहा वर्षांत माझी एक कळी चुकली नव्हती रे. नव्या बायांना कळी कशी धरायची ते मी शिकवते. इतकी लाज वाटली, की खुडता खुडता रडायलाच लागले. कौशल्याबाई रागावल्या नाहीत. माझ्याजवळ बसून त्याही खुडू लागल्या नि म्हणाल्या, "त्याच्यासाठी तू हातचं काम टाकून गेली. तो तुह्यासाठी काय टाकून आला वं आजपावतो?" मी खूप आठवून पाहिलं. काहीच सापडलं नाही.

तू वाईट नाहीस. अजूनही आवडतोस, जीव तुटतो. पण एवढं होऊनही कौशल्याबाईंनी यंदा अख्खं शेडनेट माझ्यावर सोपवलंय. बारा बाया माझ्या हाताखाली आहेत. त्यांचा माझ्यावर भरवसा आहे, मग माझाच का नसावा?

फोन केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला की माझं सगळं ठरवलेलं वाहून जातं. काल आईनं पुन्हा विचारलं, "कोणासाठी थांबली काय वं तू?" दर वेळी मी नाही म्हणायचे, अन् ते खोटं असायचं. काल नाही म्हटलं, ते खरं होतं. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

योगिनी