अंड्यांवर बसलेला नर

ज्येष्ठ शुद्ध पंचमी, संध्याकाळ. जंगलचौकी.

नाल्यावरच्या स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्यातली मादी परवा शिकरा ससाण्यानं नेली. वाटलं, अंडी वाया गेली. आज पाहतो तर नरच बसलेला. लांब पांढरी शेपटी घरट्याबाहेर लोंबतेय. किडे टिपायला उडतो, पुन्हा येऊन बसतो.

सोबतचे भिकाजीकाका म्हणाले, "एकटा हाय, तरी बसला. तुही पोरगी कुठी हाय बे?"

"मामाच्या घरी, पिंपळगाव राजाले."

"किती रोज झाले तिले पाहून?"

बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिकडे फिरकलो नाही. का? पोरीत तीच दिसेल म्हणून?

ती पांढरी शेपटी डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या निघतो. पोरगी आता चालत असेल. मला ओळखणार नाही. रडली तरी उचलून घेईन.