उदगिरी सरकेचा एकमेव वारसदार

१५ जून, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून संशोधन सुरू. लई वर्षं टाळलं, पण हे काम माझ्याशिवाय दुसरं कुणी करूच शकत नाही.

विषय: उदगिरी सरक. पत्त्यांच्या हातचलाखीतला सगळ्यात अवघड प्रकार. वाटताना वरचं पान अंगठ्यानं अडवून धरायचं अन् त्याच्या खालचं दुसरं पान सरकवून द्यायचं. बघणाऱ्याला वाटतं वरचंच दिलं. उदगीरचे माणिकप्पा गुरुजी, धान्याच्या मोंढ्यातले रिटायर मापाडी, यांनी ही विद्या अख्ख्या जगात एकाच माणसाला दिली. तो माणूस मी, रामलिंग बिराजदार, लॅब असिस्टंट, विष्णुपुरी, नांदेड. २००३ च्या गुरुपौर्णिमेला डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, की कुणाला म्हणजे कुणालाच करून दाखवायची नाही. बावीस वर्षं पाळली. बायकोलाही दाखवलेली नाही.

दर गुरुपौर्णिमेला पहाटे सहाला ते मला एकट्याला घरी बोलावतात. मी नारळ ठेवतो, सरक करून दाखवतो. ते डोळे मिटून ऐकतात. नुसत्या आवाजावरून पारख करतात, एवढा अधिकार!

१३ जुलैला नांदेडात मराठवाड्यातल्या हौशी जादूगारांचा मेळावा आहे. संयोजक शेषेराव, रिटायर कंडक्टर, यांनी मला दहा मिनिटं दिलीत. पेपर वाचणार: 'उदगिरी सरक: उगम आणि परंपरा'. दाखवणार नाही, फक्त सांगणार. चाळीस पानं तरी होतील. रोज दोन पानं लिहायची, पहाटे पाचला उठायचं, रोज दोनशे सरका. ठरलं म्हणजे ठरलं.

१६ जून. सकाळी ८.३०

उठायला उशीर. रविवारचा थकवा.

१८ जून

शीर्षक लिहिलं. अक्षर चांगलं आलं. उज्वला म्हणाली, एवढ्या वेळात गच्चीवरची टाकी धुऊन झाली असती. संशोधकाच्या घरात बायकोनं टाकीचं नाव काढू नये असा कायदा पाहिजे.

सरका: चौदा. अंगठा दुखून राहिला. आरशासमोर करावं म्हटलं, पण गुरुजींनी आरशाला सक्त मनाई केलीय. आरशात बघून हात बिघडतो म्हणतात.

२२ जून, रविवार. रात्री ९

आजचं आजच लिहून ठेवतो.

शेषेरावांच्या नातवाचा वाढदिवस होता, सिडकोत. केक झाल्यावर शेषेरावांनी पत्ते काढले. बदामचा एक्का वर ठेवला, सगळ्यांना दाखवला, अन् पोराटोरांना पानं वाटत सुटले. बारा पानं वाटली. एक्का वरच! माझ्या हातातला ढोकळा खाली पडला. सरक! आपली सरक! प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, टोपी घालून, चाळीस माणसांसमोर!

बाजूला घेऊन विचारलं, हे कुठून आलं. म्हणाले, उदगीरच्या माणिकप्पांनी शिकवलं, अठ्ठ्याण्णव साली, बसच्या मुक्कामाला असताना. वर म्हणाले, कुणाला सांगू नका बिराजदार, फक्त मला एकट्यालाच दिलंय त्यांनी.

फार विचार केला नाही, तरी निष्कर्ष स्पष्ट आहे. चोरून बघितलं असणार. कंडक्टर माणूस, गर्दीत डोकावायची सवय. गुरुजींच्या भोळेपणाचा फायदा घेतला. पेपरात एक परिच्छेद वाढवायचा: 'परंपरेतील चोऱ्या'.

२३ जून

परिच्छेद लिहिला नाही. राग आवरत नाही. राग आवरल्यावर लिहू.

२९ जून, रविवार. लातूर

ऋतुजाला भेटायला आलो. पोरगी नीटच्या तयारीला आहे इथं. मेसच्या वरणात डाळ शोधायला लॅब असिस्टंटच पाहिजे. तिला पेपराबद्दल सांगितलं. तिनं मोबाईलवर एक अमेरिकेतला म्हातारा दाखवला, तोही दुसरंच पान वाटत होता. म्हणाली, पप्पा, हे जगभर लई जुनं आहे. मी तिला समजावलं, की निजामाच्या काळात इकडून काय काय बाहेर गेलं याचा हिशोब कुणी ठेवलाय का. ती परत मोबाईल बघायला लागली. पटलं.

मग मोठा घोळ झाला. क्लासमध्ये पालकांसाठी डेमो लेक्चर होतं. बायोलॉजीच्या धम्मप्रिया मॅडम, वय पस्तीस, चष्मा. आई-बापाचे गुण लेकरात कसे उतरतात हे त्या पत्ते वाटून शिकवतात. लाल पान म्हणजे एक गुण, काळं म्हणजे दुसरा. पोरं अंदाज बांधतात, अन् मॅडम दर वेळी उलटंच पान काढतात. सगळी पोरं खदखदा हसत होती. मी हसलो नाही. मला दिसलं. अंगठा अडला, दुसरं पान सरकलं. म्हणजे दिसलं नाही, पण कळलं. लोण्यावरून सुरी फिरावी तसा हात!

नंतर भेटलो. मॅडमचे वडील आनंदराज उदगीरच्या स्टेशनवर नोकरीला होते, शेजारीच माणिकप्पा काकांचं घर. सातवीत असताना शिकवलं म्हणाल्या. अन् म्हणाल्या, काका म्हणायचे हे फक्त तुलाच देतोय. मी घसा साफ करून विचारलं, मग शपथेचं काय. म्हणाल्या, कसली शपथ? उलट काका म्हणायचे, जाशील तिथं करून दाखव.

सायंकाळी ५.३०, बसस्टँड

आधी वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, लई वाईट वाटलं. पण चहा घेतल्यावर डोकं चाललं. शपथ फक्त मला घातली! म्हणजे यांना नुसती ओळख करून दिली, खरी विद्या मला. मौल्यवान वस्तूलाच कुलूप लावतात. बिचाऱ्या मॅडम. त्यांना माहीतसुद्धा नाही आपल्याला काय मिळालं नाही ते.

५ जुलै

पेपर: दीड पान. दर्जेदार आहे. सरका: माहीत नाही, मोजल्या नाहीत. उद्यापासून पहाटे पाच.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा. उदगीर, एका हॉटेलच्या बाकड्यावर

दरवर्षी आदल्या दिवशी येऊन चुलतभावाकडं झोपतो. यंदा काल लॅबचं इन्स्पेक्शन होतं, म्हणून आज पहिल्या बसनं निघालो. जळकोटच्या अलीकडं टायर गेलं. पोचायला साडेअकरा.

दारात चपला. दहा-बारा जोड. वाटलं, गुरुजींना काही झालं की काय. आत नागम्माकाकू, गुरुजींच्या बायको, कॅलेंडरच्या मागं लिहिलेली यादी घेऊन बसलेल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, अगं बाई, तुमचं सहाचं होतं की, आज सगळ्यांच्याच गाड्या उशिरा, आता कुठं बसवू तुम्हाला.

यादी बघितली. सहा: रामलिंग. सात: वीरण्णा, निलंगा. आठ: रेणुका, देगलूर. असं संध्याकाळपर्यंत. साडेअकराला शेषेराव. शेषेराव आतच बसले होते, पेढा खात. कोपऱ्यात पोतंभर नारळ. बावीस वर्षं मी सगळ्यात आधी यायचो, मला फक्त माझाच नारळ दिसायचा.

सगळ्यांना फक्त तुलाच म्हणून दिलं! ज्या माणसाला बापाच्या जागी मानलं त्यानं मला वेळेच्या रांगेत बसवलं. चारचौघांत रडलो असतो, पण वीरण्णा नावाचा तो माणूस आधीच डोळे पुसून राहिला होता. त्यालाही आजच कळलं होतं.

सगळ्यांदेखत विचारलं, गुरुजी, ही सरक आली तरी कुठून? गुरुजी म्हणाले, स्टेशनवर एका माणसाची गाडी चुकली होती, हैदराबादेकडचा होता. दोन वेळ जेवू घातलं, त्यानं शिकवली. नाव? नाव इचारलं न्हाई. पण एक सांगत होता, फक्त तुलाच देतोय.

झाला उगम. दीड पान पाण्यात.

निघताना एक शेवटचं विचारलं. शपथ या सगळ्यांत फक्त मलाच का? गुरुजींनी काकूंकडं बघितलं. काकू पेढे मोजायला लागल्या. मग गुरुजी हळूच म्हणाले, तम्मा (कानडीत धाकटा भाऊ), तुझी गोष्ट येगळी हाय.

दुपारी ३, बसमध्ये

तुझी गोष्ट वेगळी. सगळ्यांसमोर म्हणाले! शेषेरावांनी मान खाली घातली. वाटली असेल शंभर जणांना, जपायला मला एकट्याला दिली. तरीपण फसवलं ते फसवलंच. त्यांनी शब्द मोडला, मग मी का पाळू? रविवारी पेपर नाही. रविवारी प्रात्यक्षिक. मराठवाड्याला कळू दे कुलपात काय होतं.

१२ जुलै

सरका: दोनशे साठ! हाव, मोजल्या. अंगठ्याला बाम.

१३ जुलै, रविवार. सायंकाळी ६

मेळावा. दीडशे माणसं. गुरुजी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत, शेजारी नागम्माकाकू. धम्मप्रिया मॅडम लातूरहून आल्या होत्या.

मी माईकवर सांगितलं, बावीस वर्षांची शपथ आज मोडतोय. बदामचा एक्का वर ठेवला. दाखवला. वाटायला लागलो. एक पान. दोन. तीन. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मला भरून आलं.

सहाव्या पानाला टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. मी वाकून नमस्कार केला.

शेषेरावांनी माईक घेतला. म्हणाले, नवीन शिकणाऱ्यांसाठी बिराजदार सरांनी फार मोलाचं काम केलं. सरकेत अंगठा कसा अडतो, दुसरं पान कसं निघतं, हे इतकं उघड करून आजवर कुणी दाखवलं नव्हतं. मागच्या भिंतीला टेकलेल्यांनाही प्रत्येक पान दिसलं. दरवर्षी पहिलं सत्र सरांचंच ठेवू. परत टाळ्या.

मला वाटलं चेष्टा करून राहिले. मॅडमकडं बघितलं. त्या मनापासून टाळ्या वाजवत होत्या.

खाली उतरून गुरुजींच्या समोर उभा राहिलो. काही विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. गुरुजी म्हणाले, तम्मा, पहिल्या दिवशीच कळलं होतं मला, तुझ्या हातात न्हाई ते. पण एवढ्या लांबून येत होतास, हौसेनं करत होतास. लोक हसतील म्हणून शपथ घातली. मी म्हणालो, मग दरवर्षी सगळ्यांच्या आधी, सहाला? ते म्हणाले, त्या वेळेला कुणी नसायचं बाबा. तुझं तू सुखानं करायचास.

काकूंनी डब्यातून बुंदीचा लाडू काढून हातावर ठेवला. तिथंच उभ्यानं खाल्ला.

घरी आलो. उज्वलानं विचारलं, कसं झालं, लोकांना आवडलं का. म्हणालो, लई टाळ्या पडल्या. ती म्हणाली, मग मलाही दाखवा की आता. म्हणालो, आज नको, टाकी धुवायचीय.