सायलेन्सर, सेन्सर आणि सहा तास

३ जून
ठरलं. २१ तारखेला कन्येला हॉस्टेलवर मी स्वतः सोडणार. ट्रेन नाही, बस नाही, मेहुण्याची गाडी तर नाहीच नाही. हिला रजा नाही, म्हणजे गाडीत आम्ही दोघंच. रस्ता सहा तासांचा. गेली दोन वर्षं आम्ही बापलेक एकमेकांशी धड बोललेलो नाही. भांडण वगैरे काही नाही. ती तिच्या खोलीत, मी हॉलमध्ये. सहा तासांत सगळा बॅकलॉग भरून काढायचा.
पण गाडी अशी मिळमिळीत नको. हॉस्टेलच्या गेटात शिरलो की चार जणांनी मान वळवून बघायला हवं. सायलेन्सर बदलायचा. चार व्हिडिओ पाहिले. विषय सोपा आहे.

५ जून
काम फत्ते. वेल्डरने जुना सायलेन्सर काढला. पाइपवर अजून एक डबा होता, धूर साफ करणारा. वेल्डर म्हणाला, हा डबा इंजिनाचा गळा आवळून ठेवतो, काढू का? मी म्हटलं, काढ. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझं मत विचारलं होतं. आता इंजिनापासून थेट मागेपर्यंत सरळ पाइप.
आणि आवाज! बिल्डिंगच्या आवारात शिरलो तर वरच्या मजल्यावरचे काका बाल्कनीत आले. कौतुकाने हातवारे करत होते. ही म्हणते, ते ओरडत होते. हिला गाड्यांतलं कळत नाही. कन्येने हेडफोन लावले.

६ जून, सकाळी ८.४०
डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. पॉवर वाढल्याची खूण असावी.

संध्याकाळी
पॉवरची खूण नाही. मिस्त्रीने स्कॅनर जोडून पाहिलं. त्याचं म्हणणं असं की त्या डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. नंतरचा जो आहे तो धूर हुंगतो आणि डबा काम करतोय की नाही ते सांगतो. सध्या तो सांगतोय की डबा काम करत नाही. मी म्हटलं, डबाच नाही तर काम काय करणार? मिस्त्री म्हणाला, तो बिचारा तेच सांगतोय. जुना डबा परत बसवा म्हणाला. वेल्डरने तो कधीच भंगारात घातला, हे मी बोललो नाही.

८ जून
व्हिडिओत उपाय सापडला. मागच्या सेन्सरखाली बोटाएवढी नळी बसवायची. सेन्सर धुरापासून जरा लांब राहतो आणि त्याला सगळं स्वच्छ वाटायला लागतं. बसवली. दिवा गेला! बावीस वर्षं मोजमापाच्या यंत्रांची तपासणी करतोय, यंत्राची समजूत कशी काढायची हे मला कोणी शिकवू नये. हिला म्हटलं, ये, दिवा बघ. ही म्हणाली, नसलेला दिवा काय बघायचा?

११ जून
दिवा परत आला, सोबत काळा धूर. या वेळी पुढचा सेन्सर. मिस्त्री म्हणतो, वेल्डरचा जोड नीट बसलेला नाही. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला हवा जास्त दिसते, मग गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं की पेट्रोल कमी पडतंय आणि तो आणखी पेट्रोल सोडतो. म्हणून काळा धूर. मी विचारलं, म्हणजे सेन्सर बिघडलाय? तो म्हणाला, सेन्सर ठणठणीत आहे, त्याच्या नाकाशी जे येतं ते तो सांगतो.
मला पटलं नाही. नवा सेन्सर मागवला.

१४ जून
जुना सेन्सर मीच काढला. गंजून घट्ट बसला होता. सगळा जोर लावला तेव्हा निघाला, पण भोकातले आटेही घेऊन निघाला. नवा आता पिळला जात नाही, नुसता आत टेकवून ठेवलाय. वरून पत्र्याची पट्टी आवळली. तात्पुरतं.
वेल्डर गावाला गेलाय. कधी येणार ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही म्हणे. एका जोडासाठी माणूस किती लपतो!

१६ जून
धूर तपासणी. जुन्या सर्टिफिकेटची मुदत संपतेय, प्रवासाआधी नवं हवं. गाडी नापास. नुसती नापास नाही. केंद्रातल्या बाईंनी यंत्राची नळी काढून पुन्हा घातली, कारण आकड्यावर त्यांचाच विश्वास बसेना. मी शांतपणे सांगितलं की दोष तुमच्या यंत्रात आहे, मी याच क्षेत्रातला आहे, यंत्राचं तपासणीपत्र दाखवा. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. फ्रेम करून लावलेलं होतं. गेल्याच महिन्यातलं. यंत्र अचूक असल्याचा शेरा आणि खाली सही. माझी.
घाईत केलेली दिसते.

१८ जून
रंगीत तालीम. कन्येला घेऊन अर्ध्या तासाची फेरी मारली. म्हटलं, सुरुवात करू. तू खूश आहेस ना, असं विचारलं. ती म्हणाली, काय? मी ओरडून विचारलं, खूश आहेस ना! सिग्नलला थांबलेले दोघं-तिघं दचकून माझ्याकडे बघायला लागले. मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्ये एकदा डोळे पुसले. दोन वर्षांतलं तिचं सगळ्यांत लांब बोलणं असेल. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान डोलावत राहिलो. गाडी बंद करून म्हटलं, आता पुन्हा सांग. ती म्हणाली, जाऊ दे, डोकं दुखतंय, गाडीत धूर येतोय. खाली उतरून तिने कुंडीपाशी उलटी केली.
हिने जाहीर केलं, पोर मामाच्या गाडीने जाणार. मी म्हटलं, अजून तीन दिवस आहेत.
बाथरूममध्ये जाऊन रडलो. धुराने डोळे चुरचुरत होतेच.

२० जून
मेहुण्याचा फोन. भावोजी, तुम्हीही चला, पुढे ऐसपैस बसा, म्हणाला. मी सांगितलं, मी माझ्या गाडीने मागून येतो. बापाने आपल्या गाडीने जाण्यात एक शान असते. सर्टिफिकेट नाही, पण मागून येणाऱ्याला कोण अडवतंय? जोडावर आणखी एक पट्टी आवळली. परतीच्या वाटेवर बोलता येईल, असंही मनात आलं. मग लक्षात आलं की परत येताना ती नसेल.

२१ जून, सकाळी ९.५०
हमरस्त्याच्या कडेला बसून लिहितोय. चाळीसच्या वर गाडी जाईना, मग धक्के, मग बंदच. मेहुणा गाडी मागे घेऊन आला. इतकी मुकी गाडी, शेजारी येऊन थांबली तरी मला पत्ता नाही. म्हणाला, टोइंगवाल्याला फोन करू, तुम्ही बसा आमच्यात. कन्येने शेजारची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली. मी म्हटलं, गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं. तुम्ही व्हा पुढे, मी गाठतोच.
ती बॅग तशीच मांडीवर घेऊन बसली होती. वळणापर्यंत दिसत होती.

१२.१५
गाठणं होणार नाही. बसायला हवं होतं.

२२ जून
तिचा फोन आला, हिच्या मोबाईलवर. खोली मिळाली, खिडकी मोठी आहे, रूममेट यायचीय. मग म्हणाली, बाबाला दे.
मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो, दार लावून घेतलं. तिच्याकडे शांत, माझ्याकडे शांत, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्या दिवशी गाडीत काय सांगत होतीस, एवढंच विचारायचं होतं. तिने विचारलं, गाडीला काय झालं होतं रे? मी सांगायला लागलो. पुढचा सेन्सर, फट, हवा, पेट्रोल. अकरा मिनिटं. ती हं, हं करत होती. मग मेस बंद होईल म्हणाली आणि तिने फोन ठेवला.
रविवारी ती पुन्हा करणार आहे. तोवर मागच्या सेन्सरचं नीट वाचून ठेवतो.