लाल दिव्यावरचा हंस

विचुंबे, १९ डिसेंबर २०२४

ती. रूबीताईस,
सप्रेम शालोम. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या नातवाला पाठवतोय. अवीव तो मोठा करून दाखवतो ना?

नाताळच्या मेजवान्या सुरू झाल्या. इतकी वर्षं बर्फ कोरतोय, पण यंदा फार थकलो. उरण रस्त्यावरच्या हॉटेलात जेवणाच्या टेबलावर मांडायला हंस हवा होता. लादीतून मान काढली आणि पाहतो तर मानेवर लाल रेघ. माझंच बोट कापलं होतं आणि मला पत्ता नाही. खरवडलं, तरी तड्यात उतरलेलं राहिलंच. खाली लाल दिवा लावल्यामुळे कुणाला दिसलं नाही. लोक फोटो काढत होते.

बोटं थंडीनं बधिर होतात इतकंच. सीझन संपला की ताळ्यावर येतील. काळजी करू नकोस.

माया अशीच असू दे.
तुझा, मनासे

अश्दोद, इस्रायल, २२ डिसेंबर

चि. मनासेस,
अनेक उत्तम आशीर्वाद. लहानपणी साखर चोरून खायचास तेव्हाही ‘काळजी करू नकोस’ म्हणायचास. तुझा सीझन मी ओळखून आहे. नाताळ झाला की थर्टी फर्स्ट, मग लग्नं. कायमचा इकडे ये म्हणून सांगून माझी जीभ झिजली. तुझं आपलं एकच, बर्फ सोडला तर मी कोण? अरे, माझा भाऊ. आणखी कोण?

बुधवारी हनुकाच्या सणाची पहिली वात. आई लावायची तशी काचेच्या पेल्यात खोबरेल घालून लाव. काडीची झळ बोटांना लागते का, ते पाहा आणि खरं कळव. लागली तर पुन्हा ‘ये’ म्हणणार नाही. नाही लागली, तर माझं ऐकायचं.

जेवत जा वेळेवर. रागावले तरी जीव तुझ्यातच आहे.
तुझी, रूबीताई

विचुंबे, २६ डिसेंबर

ती. ताईस,
सप्रेम शालोम. काल दिवेलागणीला वात लावली. खोबरेलाच्या वासानं आईची फार आठवण आली. काडी हातात तशीच धरून पाहत राहिलो. मग दुसराच वास आला. काडी जळून संपली होती आणि बोटाची कातडी करपली होती.

खोटं लिहायचं मनात आलं होतं. इथे कोण बघायला येतंय? पण वात समोर जळत होती, लिहवेना.

थर्टी फर्स्टच्या हंसाला नाही म्हणून कळवलंय. मॅनेजर म्हणाला, मग प्लास्टिकचा ठेवू. वाईट वाटलं. पण अवीवला तिकीट काढायला सांग.

लोभ आहेच, आता तुला माझा जरा त्रासही होईल. चहाचा कप हातात देशील तेव्हा कढत असला तर सांगत जा.
तुझा, मनासे