मौनावर दोन मिनिटं जास्त

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (आईनं बजावलं म्हणून नव्हे, मनापासून. पुढचं वाचून तुम्हाला ते पटणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.) तुमची कंबर कशी आहे? मामींनी रोज चालायला सांगितलं होतं, चालता ना? इकडे सगळे बरे आहेत. फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात जरा निवांत आहे.

हे पत्र मी तुमची माफी मागायला लिहावं, असं ठरलं आहे. ठरवणाऱ्यांत मी नव्हते.

तर ती वक्तृत्व स्पर्धा. विषय ‘मौनाचे महत्त्व’, वेळ सहा मिनिटं. तुम्ही लिहून दिलेलं भाषण मी तीन आठवडे घोकलं. ‘मौन हा आत्म्याचा अलंकार आहे’ हे वाक्य भांडी विसळताना म्हटलं, वेणी घालताना म्हटलं, एकदा तर दारात आलेल्या गॅसवाल्यालाही ऐकवलं. (तो ‘बरं’ म्हणाला.) माझा क्रमांक सातवा होता. सहाव्या क्रमांकाला दुसऱ्या शाळेचा एक टायवाला मुलगा उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, “मौन हा आत्म्याचा अलंकार आहे.” मला वाटलं, असेल योगायोग. पण दुसरं वाक्यही तेच! मग नदीचा दृष्टान्त आला, दगडाचा आला, आणि तुम्ही कंसात लिहिलेलं ‘येथे थांबून श्रोत्यांकडे पाहावे’ हेसुद्धा त्यानं खड्या आवाजात म्हणून टाकलं. पहिल्या रांगेत त्याचे वडील टाळ्या पिटत होते. मी त्यांना लगेच ओळखलं. तुमचे मोठे साहेब. तुमच्या घरी जेवायला आले होते तेव्हा त्यांची खुर्ची तुम्ही स्वतःच्या रुमालानं पुसली होती. मामा, साहेबांच्या मुलाला भाषण द्या, माझं काही म्हणणं नाही. पण निदान अलंकार तरी दुसरा घडवायचा!

लगेच माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर जाऊन उभी राहिले. मी म्हणाले, “माझं भाषण आत्ताच होऊन गेलं. ते माझ्या मामांनी लिहिलंय. टाळ्या त्यांना.” लोक हसले आणि माझी भीड चेपली ती चेपलीच. म्हटलं, मौनाचं महत्त्व आम्हाला सांगतं कोण? ज्यांचं तोंड मिटत नाही ते. आमचे मुख्याध्यापक शांततेवर चाळीस मिनिटं बोलतात. जेवताना बोलू नये, हे बाबा अख्खं जेवण होईपर्यंत सांगतात. आई तेवढी खरोखर गप्प असते, तर तिच्या मौनाला अलंकार कुणी म्हणत नाही. घंटा वाजली, मी बोलत राहिले. पुन्हा वाजली. मग त्यांनी माइक बंद केला, पण माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहेच. दोन मिनिटं जास्त झाली.

टायवाला पहिला आला (म्हणजे तुम्हीच आलात, अभिनंदन). मी बाद. मुख्याध्यापक म्हणतात, लेखी माफी दे, नाहीतर पुढच्या स्पर्धा विसर. बाबा म्हणाले, “दे आणि मोकळी हो.” मी दिली नाही, देणारही नाही. वेळ पाळली नाही हे खरं, त्यासाठी बाद झाले, विषय संपला. बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तुमचीही माफी मागत नाही.

मामींना नमस्कार, धाकट्याचा एक गालगुच्चा.

तुमची आज्ञाधारक (हे पत्र सोडून),
भाची

ता. क. पुढच्या महिन्यात वाचनालयाची खुली स्पर्धा आहे. तिथे शाळेची शिफारस लागत नाही, घरातल्या मोठ्या माणसाची सही लागते. बाबा करत नाहीत, आई म्हणते, “दादाला विचार.” फॉर्म सोबत ठेवलाय. फक्त सही करा. भाषण लिहू नका.

आणखी एक. त्या दिवशी आईला घेऊन या, ती एकटी यायला कचरते. काल कपड्यांच्या घड्या घालताना तिनं सांगितलं की शाळेत असताना तीही एकदा स्पर्धेत उभी राहिली होती. दुसऱ्या वाक्याला अडली, मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि ती खाली बसली. कोण हसलं ते काही केल्या सांगेना. (मी ओळखलं.) तिला पहिल्या रांगेत बसवा आणि तुम्ही शेजारी बसा. हसू आलं तर खुशाल हसा. मी खाली बसणार नाही.