बिराजदार बाईंच्या जागेवर

१० एप्रिल १९९५

सगळं बदललं ते नांदेडच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या बाकड्यावर. तनुजानं इंटर्नशिपच्या ऑर्डरचा कागद माझ्या शर्टाच्या खिशात घातला, खिशावर तळवा दाबला आणि म्हणाली, आजपासून तूच टी. ए. बिराजदार. तो हात अजून तिथंच आहे असं वाटून राहिलंय.

तिचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला होता. तिला लातूरचा मोठा दवाखाना पाहिजे होता, मिळालं खेडं. किल्लारीच्या पलीकडचं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. ती म्हणाली, गंधार, तिकडं गेले तर पीजीचा अभ्यास बुडाला समज. शिवाय लातुरात एका क्लासवाल्यानं तिला बायॉलॉजी शिकवायला बोलावलंय. खेड्यात कागद कोण बघतंय, तीन वर्षं शिकलास, ताप-खोकला तुला जमतो की. इंटर्नशिप संपली की घरी अण्णांपाशी आपल्या लग्नाचा विषय काढते, म्हणाली.

मी कॉलेज सोडलं तेही तिच्यापायीच. तिच्याबद्दल वाकडं बोलणाऱ्या एका सिनियरला मेसमध्ये ताटानं हाणला. कॉलेजवाले माफी लिहून दे म्हणाले, नाही दिली. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलतात ते आईमार्फत.

आज गळ्यात तनुजाचा स्टेथो आहे. गाव झकास. सरळ रस्ते, एकसारखी घरं, फक्त झाडं अजून गुडघ्याएवढी. कालव्यापलीकडं जुन्या गावाचे ढिगारे, त्यावर वेड्या बाभळी माजल्यात. मोठे डॉक्टर लातुरात राहतात आणि सहीपुरते येतात, त्यामुळं कंपाउंडर गुरुबसप्पा मला बघून खूश झाला. चला, एक तरी बिऱ्हाड टेकलं, म्हणाला. माझी खोली दवाखान्याला लागूनच. त्यानं एकच गोष्ट बजावली. दुपारी तो जेवायला घरी जातो, तेवढा वेळ दार लावून घ्यायचं. का, तर ऊन लई असतंय.

१३ एप्रिल

सकाळी एक विंचू चावलेला आणि हगवणीची दोन लेकरं. मीठ-साखरेचं पाणी पाजलं. त्यांची आजी पाया पडायला लागली, मलाच लाजल्यासारखं झालं. लोक डॉक्टरसाब म्हणून राहिलेत. बाबांनी बघायला पाहिजे होतं.

दुपारी दार लावून बसायला मी काय खुराड्यातली कोंबडी आहे? उघडंच ठेवलं. एक म्हातारी आली आणि बाकावर बसली. केसांत पांढरी माती, ओठ फुटलेले. नाव साखराबाई. छातीवर लई वजन हाय, म्हणाली. स्टेथो लावला. काहीच ऐकू आलं नाही. नळी जुनी झालीय. मग तिनं पाणी मागितलं. दिलं. ती माठ संपेपर्यंत पीत राहिली आणि ओठ कोरडेच.

जाताना विचारलं, बिराजदार बाई न्हाई आल्या का?

बिराजदार मीच, म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली. तू न्हाई लेकरा, म्हणाली. बाई पाणी आणते म्हणून गेल्यात.

इथं सगळ्यांना बिराजदार म्हणजे मी. बाई आहे हे हिला कुणी सांगितलं?

१५ एप्रिल

गुरुबसप्पाला विचारलं. त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. साखराबाई एकच होती, म्हणाला. जुन्या गावात मारुतीच्या देवळामागं घर. भूकंपात मातीचं माळवद अंगावर आलं. काढली तेव्हा तोंडात नुसती माती. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, दार लावा म्हणलं होतं की साब.

मी त्याची गचांडी धरली. नवा माणूस बघून भुतं दाखवतोस का म्हणालो. त्यानं फडकं घेतलं आणि बाकावरची पांढरी माती पुसली. सवयीनं पुसावी तशी.

१८ एप्रिल

आज दार लावलं होतं. कडी घातली होती. वळलो तर ती बाकावर. बाई कवा येतील, विचारत होती. माठ रिकामा, तळाशी चिखल.

१९ एप्रिल

जीपनं किल्लारीला जाऊन तनुजाला क्लासवर फोन लावला. हसत बोलत होती, नव्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर शिकवते म्हणाली. म्हणालो, एक पेशंट तुला विचारतेय. ती हळूच म्हणाली, पाणी मागते का?

मी पाण्याचा शब्दही काढला नव्हता.

तिनं सांगितलं. भूकंपाच्या वेळी कॉलेजच्या ट्रकमधून याच गावात मदतीला आली होती. दगडांखालून एक आवाज येत होता. ही म्हणाली, मी डॉक्टर बिराजदार, थांबा मावशी, पाणी आणते. पाणी आणायला ट्रककडं गेली. सगळे चला चला म्हणत होते. ही चढून बसली.

ऑर्डरवर गावाचं नाव वाचलं तेव्हाच ठरवलं, म्हणाली. कुणीतरी जायलाच पाहिजे होतं रे. माझ्यासाठी कुठंही जाईन, असं तूच म्हणायचास ना. आणि त्याच सुरात पुढचं सांगितलं. क्लासवाल्यांच्या मुलाशी साखरपुडा ठरलाय. मागून कुणीतरी तिला तनू म्हणून हाक मारली. मी तिला कधी तनू म्हणालो नाही. धीरच झाला नाही.

२० एप्रिल

ती आली. बाई कवा येतील म्हणाली. माझं डोकं फिरलेलंच होतं. सांगून टाकलं. येत नसतात तुझ्या बाई. लातूर. क्लासची नवी इमारत. सगळ्यात वरचा मजला. तूच जा.

ती उठली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

२१ एप्रिल

बाक स्वच्छ. माठ भरलेला. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२२ एप्रिल

हे मी काय केलं? फोन लावला, लागत नाही. पुन्हा — लागत नाही.

२३ एप्रिल

गुरुबसप्पा सकाळच्या जीपनं लातूरहून आला. काल दुपारी क्लासचा वरचा नवा स्लॅब कोसळला. पोरं जेवायला गेली होती म्हणून वाचली. एक बाई खाली अडकल्यात. आवाज येत होता म्हणे. आता येत नाही.

नाव त्याला माहीत नाही. मला —

दुपार

कडी घातली होती. बाकावर तनुजा.

केसांत माती. ओठ फुटलेले. गंधार, छातीवर लई वजन आहे रे. लई म्हणाली. ती कधी लई म्हणत नाही.

जवळ आली. माझ्या खिशावर तळवा ठेवला, त्या दिवशीसारखा. थंड. पाणी दे म्हणाली.

माठ बघितला. कोरडा. चिखल.

बस, म्हणालो. बस तनू, पाणी आणतो.

कळशी घेतली. बाहेर आलो. दार ओढून घेतलं. पायरीवर बसून लिहितोय. खिशावर पाच बोटं उमटलीत, पांढरी. पुसतोय, जात नाहीत.

आत ती माझं नाव घेतेय. ओरडून नाही. वाट बघत असल्यासारखं.

हापसा डाव्या हाताला. उजव्या हाताला फाट्यावर नांदेडची बस उभी आहे. कंडक्टर चला चला म्हणून राहिलाय. कळशी मी पायरीवरच ठेवली.