दलालाशिवाय घर विकताना

२ फेब्रुवारी १९८८, मंगळ.
कॉलेजच्या वाचनालयातून लवकर सुटका करून घेतली आणि नौपाड्यातल्या घरविक्री माहिती केंद्रात जाऊन आमचं घर विकायला नोंदवलं. फी एकदाच. पुढे घर विकलं गेलं तरी दलाली नाही. पद्धत आवडली. घर शोधणाऱ्याला केंद्र पत्त्याची चिठ्ठी देतं, तो आपला आपण येऊन घर बघतो, मालक चिठ्ठीवर शेरा लिहून सही करतो. ती परत आणून दिल्याशिवाय पुढचा पत्ता मिळत नाही.
केंद्राचे लेले म्हणाले, "घराबद्दल खरं लिहा." लिहिलं: डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, खोली व स्वयंपाकघर, पाणी पहाटे तासभर, कारखान्यांकडून वारा आला की वास. लेल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "इतकंही खरं नको हो."
मालक म्हणून आईचं नाव, कारण घर तिच्या नावावर. तिची सही हवी होती. कचेरी बंद व्हायची वेळ झालेली. मीच केली.

५ फेब्रु., शुक्र.
अण्णा आज दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसून राहिले. रंगाच्या कंपनीत सव्वीस वर्षं, आता हा दम. डॉक्टर एकच सांगतात, या हवेतून हलवा, जिने नकोत. वर्तकनगरचं तळमजल्याचं घर मी आणि अण्णांनी बघून ठेवलंय. तिथले मालक सावे शिमग्यापर्यंत थांबायला तयार आहेत. इथलं विकलं तरच ते घेता येईल. उरलेल्याला माझ्या पगारावर कर्ज, म्हणून ते माझ्या नावावर घ्यायचं ठरलंय.

७ फेब्रु., रवि.
घर आवरून बसले. कोणी नाही.
ताम्हाणेकाका जिन्यात भेटले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, फावल्या वेळात दलाली. "काय गं, केंद्रात नाव घातलंस म्हणे. त्या केंद्राची पाटी आज आहे, उद्या नसेल."
यांना कसं कळलं? मी घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

१० फेब्रु., बुध.
आठवडा झाला. आईला रोज विचारते, कोणी आलं होतं का. ती म्हणते, "पोस्टमन आलेला."
ताम्हाणे दिवसभर खालच्या बाकावर असतात. येणाऱ्याला तिथूनच परत पाठवत असतील तर? उद्या अण्णांना खाली बसवावं का, असंही मनात आलं. पण ते चढणार कसे.

१४ फेब्रु., रवि.
ताम्हाणे स्वतःचं गिऱ्हाईक घेऊन वर आले. सफारीतला माणूस, चपला न काढता स्वयंपाकघरापर्यंत गेला. म्हणाला, पैसे अर्धे कागदावर, अर्धे रोख हातात. मी नाही म्हटलं, सगळे चेकने. ताम्हाणे अण्णांना म्हणाले, "मोरे, मुलीला शिकवलंत ते बरं केलंत. आता घर तिच्या मार्कशीटवरच विका."
अण्णा माझ्यावर रागावले नाहीत. रागावायलाही श्वास लागतो.
आईने सफारीवाल्याला चहासुद्धा विचारला नाही. मला बरं वाटलं, आई माझ्या बाजूची आहे.

१६ फेब्रु., मंगळ.
वाचनालयातली शैला माझ्यासाठी केंद्रात गेली, गिऱ्हाईक बनून. डोंबिवली पूर्वेला एक खोली हवी म्हणाली. लेल्यांनी यादीतली तीन घरं सांगितली. आमचं नाही. तिने मुद्दाम विचारलं, तिसऱ्या मजल्यावरचं एखादं? म्हणाले, नाही.
म्हणजे फी घेतली आणि घर दाबून ठेवलं. ताम्हाणे आणि लेले एकच असणार. नाहीतर नोंदणीची बातमी खालच्या बाकावर कशी आली?
काय काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय. सात मुद्दे.

१७ फेब्रु., बुध.
केंद्रात गेले. दुसऱ्या मुद्द्यावर असताना लेल्यांनी हात वर केला. ड्रॉवरमधून पाच चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या, पत्त्यांचा डाव मांडावा तशा. आमच्याच घराच्या. पाच माणसं येऊन गेलेली, सगळी दुपारची, अण्णा झोपलेले असतात तेव्हा. प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द, "दिले", म्हणजे घर आधीच गेलं. खाली सही, शेवंती ग. मोरे.
आईचं अक्षर. 'व'चं पोट मोठं, रेघ मधेच तुटलेली. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा मीच शिकवलेली सही.
मग त्यांनी माझा फॉर्म शेजारी ठेवला. "ही सही वेगळी, ह्या पाच वेगळ्या. दुसऱ्याचं घर परस्पर विकणारे आम्हाला नवे नाहीत, बाई. म्हणून यादीतून काढलं. सेक्रेटरींनाही चौकशीचं पत्र टाकलंय, पहिल्याच आठवड्यात, सगळ्यांचं टाकतो तसं. आता सांगा, खरी कोणती?"
म्हटलं, पाच खऱ्या.
"आणि ही?"
पुढचे मुद्दे वाचले नाहीत. त्यांनी कोरा फॉर्म दिला. "मालकीणबाईंना घेऊन या. नाहीतर त्यांच्या हातची सही तरी."

१८ फेब्रु., गुरु.
विचारलं नाही. आई वाल सोलत होती. तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय, दृष्ट लावतेस का?"

२० फेब्रु., शनि.
आज बोलले. आधी माझं सांगितलं, सही मी केली ते. आई हसली. "मग चिठ्ठ्यांवरच्या पण तूच करायच्या होत्यास. माझे कष्ट वाचले असते."
मी म्हटलं, अण्णांचा दम तुला दिसत नाही का.
"रात्रभर कोण ऐकतं तो? तू?"
मग का, म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत ठरवत होतात. मी आत भाकऱ्या थापत होते. तिकडचं घर तुझ्या नावावर. माझ्या पाटल्या गेल्या तेव्हा हे माझ्या नावावर झालं. आता माझं नाव कुठं राहणार?"
तुला वाटतं मी तुला बाहेर काढेन?
"तू नाही गं. पण तुझ्यामागून जो येईल, त्याचं तोंड मी अजून बघितलंय का?"
मी पंधरा दिवस जिन्यावर, बाकावर, नौपाड्यात संशय घेत फिरले. माझ्यावर संशय घेणारं माणूस मला रोज डबा देत होतं.

२१ फेब्रु., रवि.
आईला सांगितलं, तिकडे दोघींची नावं लावू. हे सांगायला मला कालची संध्याकाळ आणि आजची सकाळ लागली. का लागली, ते इथेही लिहवत नाही.
"आधी मला ते घर दाखव," आई म्हणाली. "तुम्ही बघून आलात. मी ऐकूनच आहे."

२३ फेब्रु., मंगळ.
पतपेढीत विचारलं. दोन नावं चालतील. पण कर्ज ज्याच्या पगारावर त्याचं नाव पहिलं असलं तर बरं, मंजुरी लवकर मिळते. नसलं तर? "बघावं लागेल." किती दिवस? "बघावं लागेल."
शिमगा पुढच्या आठवड्यात.

२८ फेब्रु., रवि.
आईला घेऊन वर्तकनगरला गेले. अण्णांना आता प्रवास झेपला नसता. आईने नळ सोडून बघितला, मोरीत वाकून वास घेतला, मागचं दार दोनदा उघडलं, लावलं. सावेबाईंना विचारलं, "तुळस कुठं ठेवता?" माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना इथं बरं वाटेल." म्हणजे अण्णांना.
सावे टेबलाशी कागद घेऊन बसले. "नावं सांगा."
दोघींची, मी म्हटलं.
"हरकत नाही. आधी कुणाचं? सोसायटीत पहिलं नाव असतं त्यालाच मत, कागदपत्रंही त्याच्याच नावाने येतात. म्हणून विचारतो."
आई पदराने हात पुसत होती. हात कोरडेच होते. पतपेढीतलं 'बघावं लागेल' मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, तुझंच घाल, अण्णांसाठी. म्हणूनच सांगितलं नसावं. किंवा ती तसं म्हणणार नाही, या भीतीने.
मी म्हटलं, उद्या कळवते.
घरी पोचलो तर अण्णा उशीला टेकून वाट बघत होते. काय ठरलं, म्हणाले.
आई चपला काढत म्हणाली, "तिला विचारा. शिकलेली ती आहे."